बाहेरची कडी

मागच्या अंगणाला चारी बाजूंनी पत्रे ठोकून जयवंतने वडिलांसाठी सुतारकामाची खोली केली, तेव्हा त्याला एकाच गोष्टीची धास्ती होती. अण्णांचं लक्ष दाराच्या कडीकडे जायला नको.

कडी बाहेरून होती. गेल्या महिन्यात अण्णा घरचा रस्ता विसरले आणि दोन दिवस सापडलेच नव्हते.

जन्मभर सुतारकाम केलेल्या अण्णांनी सगळीकडे हात फिरवला. टेबल डुगडुगतंय का पाहिलं, रंध्याची धार अंगठ्याने तपासली. मग ते दारापाशी येऊन थांबले.

"कडी आतून नाही बसवलीस?"

"अण्णा, मी कामावर गेलो की घरात कुणी नसतं..."

अण्णांनी आपल्या जुन्या डब्यातून चार लांब स्क्रू निवडून काढले आणि कडी उचकटून पुन्हा नीट बसवली.

"तुझे स्क्रू आखूड होते. एका धक्क्यात बाहेर पडलो असतो मी."

मग ते खोलीत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. आतून आवाज आला, "आता लावून बघ."