दारातला सीन

हुमनाबादच्या आमच्या चर्चसाठी मी मोबाइलवर नाताळची फिल्म केली. मरीया झाली मेंढपाळाघरची अंबिका, आणि तिचंच सहा महिन्यांचं लेकरू बाळ येशू. पहिल्याच सीनमध्ये उतारशाळेचा मालक दिवस भरलेल्या मरीयेला दारातूनच सांगतो, "जागा न्हाई. फरशी खराब हुईल, फुडं बघ."

कमिटीचे दानिएलअण्णा तडकले. "अडलेल्या बाईला असं कोण बोलतंय? खोटं वाटायलंय. तेवढं काढ, न्हाईतर फिल्म दाखवायची न्हाई."

ह्याच प्रश्नासाठी तर मी फिल्म केली होती.



"त्यातला एक शब्दबी माझा न्हाई, अण्णा. जूनमधी कळा सुरू झालेल्या अंबिकाला तुम्ही आपल्या चर्चच्या हॉलच्या दारातून हेच म्हणलात, तवा मी आत खुर्च्या पुसायले होते."