दूध पचवणारा शिकारी

"सात हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याला दूध पचत होतं? अहो अक्सेल, तेव्हा डेन्मार्कात गायच नव्हती!"

सिग्नेने कपाळाला हात लावला. तिसऱ्यांदा तोच निकाल. माणसाच्या जनुकसंचात तीन अब्ज अक्षरं, त्यातलं एक बदललं की मोठेपणीही दूध पचतं. आजच्या डॅनिश माणसांत हा बदल घरोघरी सापडतो. पण युटलंडच्या किनाऱ्यावर शिंपले खाऊन जगलेल्या त्या माणसात? छे! कुणीतरी स्वतःचा डीएनए त्या हाडात मिसळून ठेवला होता.

तिने प्रयोगशाळेतल्या अकराही जणांचे नमुने ताडून पाहिले, अगदी साफसफाईच्या बाईंचाही. एकाचाही जुळेना. पुन्हा पुन्हा तपासण्याच्या भानगडीत हाडाची उरलेली भुकटी संपली. आता नवा, शुद्ध नमुना मिळाला नाही तर चार वर्षांचा प्रबंध गेला खड्ड्यात. म्हणून तिने हाड खणून काढणाऱ्या या म्हाताऱ्या पुरातत्त्वज्ञालाच बोलावून घेतलं होतं.

"खणताना हातमोजे होते?"

"होते की."

"मास्क?"

"तोही होता. मला शिकवतेस होय गं पोरी?" अक्सेलचं आपलं भलतंच सुरू. "मी म्हणतो, असेल एखादी गाय. पुस्तकं बदलावी लागतील बघ!"

"पुस्तकं राहू द्या, आधी हातमोजे बदला!" सिग्ने खेकसली.

म्हातारा ओशाळला. त्याने खिशातून एक छोटी डबी काढली. "रागावू नकोस. त्याच शिकाऱ्याच्या कवटीखालच्या मातीत हा तुकडा मिळालाय. कानाच्या आतलं हाड असावं. याला अजून कुणाचा हात लागलेला नाही. पण एवढंच हं, यापुढे काही नाही."

सिग्नेच्या जिवात जीव आला. कानाच्या हाडात डीएनए सगळ्यात चांगला टिकतो. तिने नवे हातमोजे पुढे केले, ते त्याने निमूटपणे चढवले. चिमट्याने तुकडा उचलून त्याने दिव्यासमोर धरला.

"गारगोटीसारखाही दिसतोय जरा," तो पुटपुटला. त्याने मास्क हनुवटीखाली ओढला, आणि ती "अहो, अहो!" म्हणेपर्यंत तुकडा जिभेला लावलासुद्धा.

"हाडच आहे!" तो खुशीत म्हणाला. "दगड असता तर असा चिकटला नसता. आम्ही सगळे असंच ओळखतो."