तक्रारदाराचं नाव

“मागे घेतली ना तिने तक्रार? मग विषय संपला,” संपादक म्हणाले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. कालपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता.

समोर भिंगकाकू उभ्या होत्या. वनस्पतिशास्त्राच्या या संशोधनपत्रिकेची मुद्रितं त्या सव्वीस वर्षं तपासत होत्या, तीही डोळ्याला भिंग लावून, म्हणून सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. त्यांच्या हातात दोन अंक होते, एक गेल्या वर्षीचा आणि एक परवाच छापून आलेला.

तक्रार एका संशोधक विद्यार्थिनीची होती, आणि ती तिच्याच मार्गदर्शक प्राध्यापकांविरुद्ध. गव्हाच्या मुळाचा म्हणून त्यांनी गेल्या वर्षी जो सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो छापला, तोच यंदा मक्याच्या मुळाचा म्हणून छापलाय, फक्त उलटा करून, असं तिने लिहिलं होतं. पत्रिकेची रीत अशी, की निनावी तक्रार थेट केराच्या टोपलीत जायची, आणि नाव घातलेली तक्रार जशीच्या तशी, नावासकट, लेखकाकडे खुलाशाला जायची. म्हणजे सासूची तक्रार करायची आणि कागद सासूच्याच हातात द्यायचा. आज सकाळी काकूंनीच त्या मुलीला फोनवर ही रीत सांगितली, तेव्हा ती रडायला लागली. तिच्या प्रबंधावर अजून त्याच प्राध्यापकांची सही व्हायची होती. पाच वर्षांचं काम त्या एका सहीपाशी अडकलं होतं. अर्ध्या तासात तिने तक्रार मागे घेतली.

“तिने पत्र मागे घेतलंय, सर,” काकू म्हणाल्या. “फोटो कुठे कोणी मागे घेतलाय?”

त्यांनी दोन्ही अंक टेबलावर उघडून शेजारी शेजारी ठेवले आणि यंदाचा उलटा फिरवला. गव्हाच्या मुळाजवळ वरच्या बाजूला हवेचा एक बुडबुडा अडकला होता आणि कोपऱ्यात टिचलेल्या काचेची रेघ होती. आता मक्याच्या मुळाजवळही तोच बुडबुडा होता आणि तीच रेघ. मक्याने शीर्षासन केलं की गहू व्हायचा, इतकी सोपी शेती.

संपादकांनी पाहिलं, आणि पाहिल्यावर लगेच दोन्ही अंक मिटले. “काकू, सल्लागार मंडळावर आहेत ते. नजरचूक असेल.”

“असेल की. तसं खुलाशात लिहितील. विचारायला काय हरकत आहे?”

“विचारायला तक्रार लागते. आपल्याकडे तक्रारच नाही.”

“ही घ्या.” काकूंनी पर्समधून घडीचा कागद काढून पुढे ठेवला. स्वतःच्या हाताने लिहिलेला, खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर.

संपादकांनी तो वाचला. “तुम्हाला कशी करता येईल? तुम्ही इथल्याच.”

“नियमात ‘कोणीही वाचक’ असं आहे. आणि माझ्याइतकी ही पत्रिका वाचतं तरी कोण, सर?”

हे जरा झोंबलं. अंकाच्या तीनशे प्रती निघतात आणि त्यांतल्या निम्म्याअधिक पाकीट न फोडताच कपाटात जातात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“तुमचा करार पुढच्या महिन्यात संपतोय,” संपादक आवाज उतरवून म्हणाले. “नवा करायचा की नाही, ते मंडळ ठरवतं.” धमकी नव्हती ती. बिचारे खरंच काळजीने बोलत होते, आणि त्याचाच काकूंना जास्त संताप आला.

“माझं घर या कामावर चालतं, मला नाही का माहीत? पण सव्वीस वर्षं या लोकांचे स्वल्पविराम सरळ करतेय मी. आता एवढा मोठा फोटो दिसतोय, तर डोळ्यांवर कातडं ओढून बसू? नाही जमायचं मला.”

तेवढ्यात फोन वाजला. संपादकांनी उचलला. पलीकडचा आवाज इतका चढलेला होता, की कानाला न लावताही ऐकू यावा. ते प्राध्यापकच होते. जुना स्नेह म्हणून संपादकांनी काल त्यांच्या कानावर तक्रारीचं घातलं होतं. नाव तेवढं सांगितलं नव्हतं.

“केली कोणी ते सांगा! माझ्याच प्रयोगशाळेतलं कोणीतरी आहे. सगळ्यांना समोर उभं केलंय मी. नाव कळल्याशिवाय एकालाही हलू देणार नाही.”

मुलीचं पत्र टेबलावरच पडलं होतं. संपादकांची नजर त्याच्यावर गेली. “नाव... नाव म्हणजे असं, की...”

काकूंनी त्या पत्रावर आपला कागद ठेवला आणि हात पुढे केला. संपादक क्षणभर त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी रिसीव्हर देऊन टाकला.

“लिहून घ्या, सर,” काकू म्हणाल्या, आणि अर्ज भरताना सांगावं तसं स्वतःचं पूर्ण नाव त्यांनी सावकाश सांगितलं.

“कोण तुम्ही? या नावाचं माझ्याकडे कोणी नाही.”

“नाहीच. मी इथे मुद्रितं तपासते.”

“मुद्रितं? तुम्हाला या विषयातलं काय कळतं?”

“काहीसुद्धा नाही. तरी मला दिसलं. चौदा दिवसांत खुलासा पाठवा,” काकू म्हणाल्या. “आणि समोर उभी केलीत ना मुलं, त्यांना आता बसायला सांगा.”