भिंतीवरच्या रेघा

“वहिनी, पंधरा दिवसांच्या आत वाळली तर मला कळवा हं,” गवंडीमामा निघताना म्हणाले होते. तिने हसण्यावारी नेलं. भिंत वाळत नाही म्हणून जीव टांगणीला, आणि हे म्हणे वाळली तर कळवा.

बाथरूमची भिंत छतापासून कमरेपर्यंत ओली झाली होती. त्याच भिंतीच्या पलीकडे बाळाचा पाळणा, आणि बाळाचा खोकला महिनाभर हटत नव्हता.

मामांचं काम मात्र बघत राहावं असं. बोटाच्या पेराने भिंत वाजवत जायचे, पोकळ बोलली की तेवढाच गिलावा छिन्नीने उतरवायचे. बाळ झोपलेलं असलं की छिन्नीच्या डोक्यावर फडकं धरायचे. शेवटी ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढून त्यांनी शेजारी तारीख टाकली.

“रोज सकाळी अशी एक रेघ ओढा. ओल पुढे चाललीय की मागे, लगेच कळतं.”

“झाला नकाशा,” नवरा म्हणाला. “आता राजधानी कुठे दाखवायची तेवढं सांगा.”

मूळ दुखणं वर होतं. वरच्या काकांच्या मोरीखाली पाइपचा सांधा सुटला होता, आणि प्लंबर दोन आठवडे तरी येणार नव्हता. काका एकटेच राहायचे. वय पंच्याऐंशी, पण पहाटे साडेपाचची गार पाण्याची आंघोळ चुकायची नाही. बादली अशी आदळायचे की खाली बाळ दचकून उठायचं.

“पोरी, दोन बादल्यांची एक केलीय मी,” जिन्यात भेटल्यावर ते ओशाळून म्हणाले होते. “तुझ्या पिल्लाचा खोकला माझ्या माथी नको.”

पहिले पाच दिवस रेघा एकमेकींना चिकटून राहिल्या. मग ओल भराभर मागे सरली. नवव्या दिवशी तिने भिंतीला गाल लावून पाहिला. वर तळहाताएवढा डाग उरला होता, बाकी भिंत कोरडी. बाळही आताशा सातपर्यंत गाढ झोपायचं, खोकला नावाला नाही. तिने लगेच फोन लावला.

“मामा, हात आहेत की जादू? भिंत वाळली.”

मामांनी उलट विचारलं,

“वरचा सांधा बसला?”

“छे, प्लंबर सोमवारी येतोय.”

“मी नुसता गिलावा काढलाय, वहिनी. मग पाणी कशाने थांबलं?”

तिने रेघांकडे पाहिलं. शेवटच्या चार एकमेकींपासून लांब लांब होत्या. चार दिवस. चारही पहाटे बाळ एकदाही दचकलं नव्हतं.

बाळाला कडेवर घेऊन ती अनवाणीच जिना चढत सुटली.

तुमच्या डोक्यावर रोज वाजणारी बादली आज वाजली का? नसेल, तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आधी वर जाऊन या.