उस्ताद

गवतावर नाक थोडं वर ठेव, मुरमावर चाकं अलगद टेकव, नर्मदेच्या वाळूत चाकं रुततात, तिथं अगदी हळू आण. रेडिओवर उडणारं छोटं विमान उतरवायची ही विद्या नीलकंठला श्यामसुंदरनंच शिकवली होती. पण विमान नीलकंठचं, म्हणून टाळ्याही त्यालाच. दर रविवारी विमान मैदानावर टेकलं की खुद्द श्यामसुंदरची बायको विनीता म्हणायची, "काय हात आहे हो नीलकंठभाऊंचा." शिकवणाऱ्याचं नाव कोणीच घेत नव्हतं.

एकाहत्तरची लढाई सुरू झाली. श्यामसुंदरनं नेपियर टाउनच्या एका दुकानातून, स्वतःचं नाव न सांगता, ओमतीच्या ठाण्यात फोन केला. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये नीलकंठ म्हणून एक जण आहे, म्हणाला, घरात वायरलेस ठेवून राहिला.

दुसऱ्या दिवशी जीप आली. सगळी वसाहत अंगणात जमली, श्यामसुंदर सर्वांत पुढे. ठाणेदारानं विमान उडवायचा, एरियल लावलेला डबा उलटापालटा करून पाहिला.

"ये सब तुमको सिखाया किसने?"

नीलकंठनं गर्दीत पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"साहब, मैं तो नौसिखिया हूँ. असली उस्ताद ये हैं, हमारे श्यामसुंदरजी."

ठाणेदाराची नजर वळली. विनीताचीही. नीलकंठनं हाक मारली,

"श्यामभाऊ, मागे काहून सरून राहिले? या ना समोर. आज सगळ्यांसमोर तुमचं नाव होऊ द्या."