हात काढा

"हे घ्या, दोन वर्षांची बेगमी!" चिंध्यांनी गच्च भरलेलं पोतं टेलरबाईंनी सुतारकामाच्या शेडमध्ये धप्पकन टाकलं. "उद्यापासून माझं दुकान नव्या बाजारात. रोज एका चिंधीसाठी कुठं तंगडतोड करत येणार तुम्ही?"

हातकाढ्यांनी पोत्याकडे पाहिलं.

आडनाव त्यांचं खरं तर वेगळंच होतं. पण त्यांच्या रंधा मशीनचं टेबल होतं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आणि बीड म्हणजे भारी नाजूक जात. ओला हात टेकला की दुसऱ्या दिवशी तांबूस गंज धरलाच म्हणून समजा. त्यामुळे शेडमध्ये कुणी आलं आणि टेबलाला नुसतं टेकलं, की आतून आरोळी यायची, "हात काढा!" गिऱ्हाईक असो, लाइटवाला असो, नाहीतर सख्खी बहीण. गल्लीनं मग त्यांचं बारसंच करून टाकलं.

रोज संध्याकाळी ते भुसा झाडायचे, टेबलावर मेण चोळायचे आणि सुती चिंधीनं तोंड दिसेपर्यंत चकाकवायचे. तेल लावायचे नाहीत, लाकडाला डाग पडतात म्हणून. तसं पाहिलं तर अशी एक चिंधी महिनाभर सहज पुरते. हातकाढ्यांना मात्र रोज ताजी लागायची, आणि ती आणायला शेजारच्या टेलरबाईंच्या दुकानात रोज स्वतः जावं लागायचं. पन्नाशी उलटलेला बिनलग्नाचा माणूस, जाताना केसांतला भुसा झटकून जायचा.

"बरं, येते मी," बाई वळल्या आणि थबकल्या. "अगंबाई! हे काय?"

टेबलाच्या कोपऱ्यात, त्या आरशासारख्या बिडावर, एक तांबूस गोल उमटला होता. ग्लासाच्या बुडाएवढा.

इतके दिवस हातकाढे त्यावर मेणाचा डबा ठेवून होते, आणि नेमका आत्ताच तो उचलला होता.

"माझ्याच ग्लासाचा ना हा? त्या दिवशी मी गार पाणी घेऊन आले होते, गप्पांच्या नादात इथंच ठेवला होता."

"असेल."

"असेल काय! मग ओरडला का नाहीत? लाइटवाल्यानं नुसतं बोट लावलं तर अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होतीत."

"राहून गेलं."

"आणि घासून का नाही काढलात?"

"पॉलिशपेपर संपलाय."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. खिळ्याला पॉलिशपेपरचा हा एवढा गठ्ठा लटकत होता. हातकाढ्यांनीही तिकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

बाईंनी त्या गोलावरून बोट फिरवलं. बोट सर्रकन घसरलं. त्यांनी परत फिरवून पाहिलं.

"यावर मेण लावलंय तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या. "डागावर?"

"मेण लावलं की तो वाढत नाही," हातकाढे म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी राहिलेलंही बोलून टाकलं. "आणि जातही नाही."

हातकाढ्यांना वाटलं, झालं, बसलो सगळं घालवून. आता या हसतील, नाहीतर तडक निघून जातील, आणि नव्या बाजारात जाऊन हा किस्सा मीठमसाला लावून सांगतील. आज जर तोंड मिटून बसलो, तर उद्यापासून हे पोतं आणि आपण! त्यांनी होता नव्हता तेवढा धीर गोळा केला, पोतं उचललं आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"हे परत न्या. मला रोज एकच पुरते."

"रोज मी नव्या बाजारातून यायचं? एका चिंधीसाठी?"

"नाहीतर मी येईन. नाहीतर..."

बाईंनी एकदा पोत्याकडे पाहिलं, एकदा त्या तांबूस गोलाकडे, आणि त्यांना असं हसू फुटलं की डोळे पुसायला पदर शोधावा लागला.

"अहो, पण एवढं मोठं कडं घेऊन मी करू काय? बोटात बसायला नको?"

त्यांनी गळ्यातली मापाची टेप काढून हातकाढ्यांच्या हातात दिली. डावा हात सरळ टेबलावर पसरला, पाचही बोटं बिडावर टेकवून. "घ्या माप. जन्मभर लोकांची मापं मीच घेत आले. माझं कुणीतरी घ्या की एकदा."

केसाइतका फरक नजरेनं हेरणारा माणूस, पण टेप काही बोटाभोवती नीट बसेना. एकदा उलटी गुंडाळली, एकदा निसटून खाली पडली.

"किती आलं?"

"दिसत नाहीये."

"चष्मा कपाळावर आहे तुमच्या."

चष्मा खाली आला. माप एकदाचं मिळालं. टेप गळून भुशात पडली, पण हातकाढ्यांचा हात बाईंच्या हातावर तसाच राहिला. त्यांना इतका आनंद झाला होता की आपण हसतोय हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

बराच वेळ गेला. मग बाईंनीच त्यांच्या कानाशी आरोळी ठोकली, अगदी त्यांच्याच सुरात.

"हात काढा! घाम फुटलाय तुम्हाला. टेबल गंजेल."

"गंजू दे," हातकाढे म्हणाले.