स्वयंपाकघरामागची खोली

लिमातल्या ग्रासिएलाबाईंचं नवं स्वयंपाकघर अखेर तयार झालं. समुद्राकडे मोठी खिडकी, मधोमध संगमरवरी ओटा, आणि नुसतं बोट लावलं की भिंतीतून आपोआप बाहेर येणारे कप्पे. मागची मोलकरणीची खोली पाडून ही सगळी जागा काढली होती.

"बघ दोमितिला, तुझी खाट होती ना, तिथं आता वाइनचा फ्रिज! वीतभर जागा वाया घालवली नाही."

"छान झालंय, बाई." वीस-बावीस वर्षं त्या खाटेवर झोपलेली दोमितिला आता भाचीकडून बसने ये-जा करत होती. तिने पिशवी उचलली. "भोपळ्याचा लोक्रो केलाय. गरम करून घ्या."

ग्रासिएलाबाईंनी उगाचच एक कप्पा उघडला, बंद केला. "आज राहतेस का गं इथंच? घर खायला उठतं."

"राहिले असते हो. पण कुठं?"

मुलं माद्रिदला गेल्यापासून आतल्या तीन बेडरूम रिकाम्याच होत्या. तिथल्या चादरी दोमितिलाने सकाळीच बदलल्या होत्या.

ग्रासिएलाबाईंनी सगळ्या स्वयंपाकघरावरून एकदा नजर फिरवली.

"खरंच गं," त्या म्हणाल्या, "जागाच नाही."